हसण्यालाही जात लावली का राव?

पऱ्हाटी:
काल इथं एका साहेबांनी लिहिलं, 'सहा महिने जळगावात आहे. लेवा पाटील ओठ मिटून हसतात, जणू हसायलाही पैसे पडतात. अहिराणी बोलणारे अहिर गडगडाटी हसतात. सातपुड्यातले पावरा आदिवासी मात्र निरागस, डोळ्यांनी हसतात.' खाली वाहवा करणाऱ्यांची रांग! रात्रभर डोक्यात तेच.

मी यावलकडचा, लेवा. आमचे अण्णा बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे करायचे. तिथं गाल हलला की हजाराचा फटका. तेच अण्णा घरी येऊन ओट्यावर तोच सौदा सांगताना ठसका लागेस्तोवर हसायचे. साहेबांनी बाजार पाहिला, ओटा नाही.

आणि ते 'डोळ्यांनी हसणं'. डुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८६२ साली लिहून ठेवलंय की मनापासून हसू आलं की डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो. तो स्नायू सगळ्यांना असतो, त्याला जातीचा दाखला लागत नाही.

सध्या_जळगावकर:
ते साहेब मीच. निरीक्षण लिहिलं, निवाडा नाही दिला. स्नायू सारखे म्हणून सवयी सारख्या का? एकमन आणि फ्रीझेन या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग वाचा. नकोशी दृश्यं एकट्यानं पाहताना अमेरिकन आणि जपानी विद्यार्थ्यांचे चेहरे सारखेच होत होते. संशोधक शेजारी बसल्यावर जपानी पोरं हसून नाराजी झाकायला लागली. म्हणजे समाजागणिक फरक असतोच.

पऱ्हाटी:
अहो, मग हे माझ्याच बाजूचं झालं! समोर कोण बसलंय त्यावर हसू ठरतं. सहा महिने तुमच्यासमोर कोणी दात दाखवले नाहीत, याचा जरा विचार करा.

धडगावचा:
मी पावरा. 'निरागस' शब्द वाचला की डोकं फिरतं. होळीला काठी गावाला कॅमेरेवाले येतात. एकानं माझ्या आत्याला 'हसा, हसा' करत भर उन्हात उभं केलं. ती हसली आणि हसता हसता आमच्या बोलीत त्याला जे बोलली ते इथं लिहिता येणार नाही. तो खूश होऊन गेला. डोळ्यांतलं हसू खरंच होतं, साहेब. त्याच्यावरच होतं.

तापीकाठ:
😂 आत्याबाईंना दंडवत.

अहिराणी_माय:
गडगडाटी म्हणे! पुण्याच्या होस्टेलात पहिल्या दिवशी आईला फोनवर 'काय करी राह्यनी माय?' म्हटलं, अन् अख्खी खोली खदखदली. पुढं तीन वर्षं मी फोन गच्चीवर जाऊन केला. आम्ही कसे हसतो ते सोडा, आमच्यावर कोण हसतं ते लिहा. यूट्यूबवर अहिराणी शोधा, दारुडा नवरा अन् भांडकुदळ बायको. दुसरं काही नाही.

पऱ्हाटी:
ते व्हिडिओ बनवणारे आपलेच आहेत ना? आणि ताई, तुमच्या लेखी खान्देश म्हणजे फक्त अहिराणी. आमच्या बोलीलाही पुण्यात हसतातच की.

अहिराणी_माय:
आलं! बहिणाबाईंचं नाव निघालं की तुमची 'लेवा गणबोली', अन् टिंगल व्हायला लागली की 'आपण सगळे खान्देशी'.

पऱ्हाटी:
बहिणाबाई असोद्याच्या. असोदा धुळ्यात नाही, जळगावला लागून आहे. त्यांच्या ओव्या आमच्या घरातल्या बोलीत आहेत, त्याला मी काय करू?

अहिराणी_माय:
सातबारा काढून आणा मग कवितेचा!

तापीकाठ:
आता गाडी भरतावर येणार. वांगी काड्यांवर भाजायची की गॅसवर, हे सुरू व्हायच्या आत मी निघतो.

धडगावचा:
भांडा तुम्ही दोघं. आमच्या पोराला पहिलीत गुरुजींचं ना लेवा कळत, ना अहिराणी, ना पुस्तकातलं मराठी. कळलं नाही की ते नुसतं हसतं. गुरुजींनी मला बोलावून सांगितलं, 'मुलगा फार आनंदी आहे.'

अहिराणी_माय:
…भाऊ, यावर काय बोलू?

सध्या_जळगावकर:
'निरागस' मागे घेतो. गडगडाटीही घ्या. लेवांबद्दलचं मात्र नाही घेणार. आमचे घरमालक लेवाच आहेत. सहा महिन्यांत एकदाच हसले, भाडं वाढवलं त्या दिवशी.

पऱ्हाटी:
ओठ मिटून?

सध्या_जळगावकर:
नाही. दाढा दिसल्या.