दहावी सेमी, क्लास नाही, फोन एकच: फुकटात नेमकं काय वापरावं?

सातपूरकर_ताई:
मुलगी दहावीला आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. क्लास लावलेला नाही, लावणारही नाही. घरात एकच अँड्रॉइड फोन, तो संध्याकाळी सातनंतर तिच्या हातात येतो. रोजचा दीड जीबी डेटा, वायफाय नाही. फोनमध्ये जागा जेमतेम ६ जीबी रिकामी. यूट्यूबवर शोधायला बसलं की अर्धा तास शोधण्यातच जातो. पैसे न भरता, बोर्डाच्या पुस्तकाला धरून असलेलं काय आहे? विज्ञान भाग १ आणि भूमितीत जास्त अडतं.

गोदाकाठ:
ताई, आधी बालभारतीच्या साइटवरून सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून घ्या. इयत्ता आणि माध्यम निवडायचं, पैसे लागत नाहीत. सेमीवाल्यांची चूक इथेच होते. गणित आणि विज्ञानाला माध्यम इंग्रजी निवडा, बाकीच्या विषयांना मराठी. हातात धरायला छापील पुस्तक हवं असेल तर बालभारतीचं भांडार आपल्याकडे नाशिकला लेखानगरात आहे. दहावीची पुस्तकं २०१८ साली बदलली, म्हणून त्याआधीचं कुणाचं जुनं पुस्तक फुकट मिळालं तरी घेऊ नका.

मग दीक्षा ॲप, सरकारचं, मोफत. बोर्ड महाराष्ट्र, इयत्ता दहावी. पुस्तकात ठिकठिकाणी क्यूआर कोड छापलेला असतो, तो ॲपमधूनच स्कॅन करायचा. पुस्तक त्याच फोनवर पीडीएफमध्ये असेल तर स्कॅन कसं करणार? कोडच्या खाली सहा अक्षरांचा संकेत असतो, तो ॲपच्या शोधपट्टीत टाका, तोच आशय उघडतो. शून्य आणि इंग्रजी ओ यांत घोळ होतो, एकाने नाही उघडलं तर दुसरं टाकून बघा. व्हिडिओ डाउनलोड करून ठेवता येतात. धडा संपला की डाउनलोडमधून काढून टाका, नाहीतर ६ जीबी महिन्याभरात भरतील.

एक सांगतो, सगळ्या धड्यांचा आशय सारख्या दर्जाचा नाही. काही ठिकाणी नुसतं पुस्तक वाचून दाखवलंय. तिथे वेळ घालवू नका.

भिंगवाला:
विज्ञान भाग १ साठी फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा प्रकल्प आहे, २००२ पासून चालू, पूर्ण मोफत, बरीचशी मराठीतही आहेत. दहावीच्या कामाची तीन: रासायनिक समीकरणं संतुलित करणं, प्रकाशाचं अपवर्तन, आणि भिंगं. प्रत्येकाची फाइल उतरवून घेता येते, नंतर नेट लागत नाही. फाइल क्रोममध्येच उघडा, फोनच्या साध्या एचटीएमएल व्ह्यूअरमध्ये बहुधा चालत नाही.

भिंगांचं असं करायला सांगा: बहिर्वक्र भिंग घ्यायचं, वस्तू लांबून हळूहळू जवळ सरकवायची. दुप्पट नाभीय अंतरावर प्रतिमा वस्तूएवढीच आणि उलटी दिसेल. नाभीच्या आत आली की पलीकडची प्रतिमा गायब. मग आभासी प्रतिमेच्या चौकटीत टिक करायची, ती वस्तूच्याच बाजूला, सुलटी आणि मोठी दिसते. पुस्तकातला तक्ता मग पाठ करावा लागत नाही.

पण गणितं कागदावरच. मुलं चिन्हात मार खातात. वस्तू ६० सेमीवर, नाभीय अंतर २० सेमी असेल तर वस्तूचं अंतर −६० घ्यायचं: १/२० − १/६० = १/३०, म्हणजे प्रतिमा ३० सेमीवर. उणे विसरलं की १/२० + १/६० होतं आणि उत्तर १५ येतं. ते दिसायला इतकं नीट दिसतं की शंकाही येत नाही. ताळा सोपा आहे. खरी प्रतिमा नाभीय अंतराच्या आत पडूच शकत नाही, म्हणजे १५ चूक.

जेलरोड_४२२:
भूमितीला जिओजेब्रा, आकृत्या काढून हलवून बघायचं ॲप, मोफत. स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय असेल तर वर्तुळ काढून, बाहेरचा बिंदू जागेवर ठेवून छेदिकेचा वर्तुळावरचा बिंदू ओढून बघायचा, छेदिकेच्या दोन अंतरांचा गुणाकार बदलत नाही हे आकड्यांत दिसतं. रचना मात्र कंपासनेच, पेपरात कंसांच्या खुणा दिसाव्या लागतात.

डेटाचं: यूट्यूब ३६० पी वर तासाला साधारण ३०० एमबी जातो, ७२० वर एक जीबीच्या वर. भाषा-इतिहासाला १४४ चालेल. गणिताला नाही, फळ्यावरचा वर्ग आहे की घन ते कळत नाही. गणित ४८० वर ठेवा.

गोदाकाठ:
एक राहिलं. एससीईआरटीच्या (राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या) प्रश्नपेढ्या मोफत आहेत आणि चांगल्या आहेत, पण २०२०-२१ आणि २०२१-२२ च्या असतील तर सांभाळून. त्या दोन वर्षी कोविडमुळे २५ टक्के अभ्यासक्रम कमी केला होता. त्यावरच तयारी केली तर अख्खे घटक सुटतील. अनुक्रमणिका शेजारी ठेवून ताडून बघा.

टीव्हीवरच्या पीएम ई-विद्याच्या इयत्तावार केंद्रीय वाहिन्याही मोफत आहेत, पण त्यांवरचे धडे मुख्यतः एनसीईआरटीच्या अंगाने जातात. स्टेट बोर्डाच्या दहावीला मी त्या सुचवणार नाही.

सातपूरकर_ताई:
संकेत टाकून उघडलं, धन्यवाद. भिंगाची फाइल उतरली, पण क्रोमचा पर्यायच येत नाहीये.

भिंगवाला:
फाइल्स ॲपमध्ये जा, डाउनलोडमधल्या त्या फाइलवर बोट दाबून धरा, तीन टिंबं, 'यासह उघडा', मग क्रोम. तरीही नाही आलं तर आधी सेटिंग्ज, ॲप्स, एचटीएमएल व्ह्यूअर, 'डीफॉल्ट काढा' आणि पुन्हा करून बघा.