सोप्या कड्यावरही दोर हवाच

'५.४ दर्जाच्या (म्हणजे कातळारोहणात सोप्या मानल्या जाणाऱ्या) कातळावर दोर नावापुरताच असतो' हे मत मला पटत नाही. सोप्या कातळात पायऱ्यापायऱ्यांसारखे टप्पे असतात. त्यामुळे दोर लावलेला असला तरी, तो ताणला जाण्याआधीच माणूस खालच्या टप्प्यावर आदळतो. उभ्या, गुळगुळीत भिंतीवर निदान आदळायला मध्ये काही नसतं. म्हणून मी अशा ठिकाणी सुरक्षेच्या जागा (जिथे दोर कातळाला अडकवतात) जास्तच जवळ लावते.

मागच्या महिन्यात मैत्रिणीबरोबर अशाच एका लांब धारेवर होते. आळीपाळीने पुढे जायचं ठरलं होतं. तिसऱ्या पिचला (दोन थांब्यांमधल्या चढाईला पिच म्हणतात) मी आखूड स्लिंग, म्हणजे सुरक्षेची जागा आणि दोर जोडणारे पट्टे, वापरल्या, दोर दोन कोपऱ्यांवरून वळला आणि इतका जड झाला की पाऊल उचलवेना. शेवटी मधेच अँकर (स्वतःला आणि दोराला बांधायचा पक्का आधार) लावून तिला वर घेतलं. १२० सेंटिमीटरच्या स्लिंग असल्या, तर दोर सरळ राहतो. ६० मीटरचा दोर आहे म्हणून पूर्ण लांबीचं पिच करायलाच हवं असंही नाही. छोटी पिच केली की एकमेकींचा आवाज पोचतो, आणि अर्धा आनंद त्या गप्पांतच असतो!

उतरायची वाट मात्र चढण्याआधीच पाहून ठेवा.