सीडिंगचे पैसे? चर्चा इथेच करू

निवांत_पुणेकर:
काल एका भिडूने लिहिलं, "फुकटात सीड करणारे मूर्ख. बीटीटी कमवा, झोपेत पैसे." (सीड करणं म्हणजे उतरवलेली फाईल इतरांना देत राहणं, आणि बीटीटी हे त्यासाठी मिळणारं बिटटोरेंटचं क्रिप्टो नाणं.) राहवेना म्हणून लिहितोय. २००१ मध्ये ब्रॅम कोहेनने बिटटोरेंट, म्हणजे एकमेकांकडून फाईलचे तुकडे घ्यायचं सॉफ्टवेअर, लिहिलं तेव्हा नाणंबिणं नव्हतं. जो तुकडे देतो त्याला तुम्ही द्या, संपला विषय. २०१८ मध्ये जस्टिन सनच्या ट्रॉन या क्रिप्टोवाल्यांनी बिटटोरेंट कंपनी घेतली, जानेवारी २०१९ मध्ये बीटीटी टोकन पाव तासात खपलं. घेणारे काय सीडर होते? सगळे भाव बघायला बसलेले.

सीडर_नाशिक:
"त्याला द्या" हे डाउनलोड संपेपर्यंतच हो. शंभर टक्के झालं की क्लायंट (टोरेंटचं ॲप) बंद! माझं जुन्या नाट्यपदांचं एक टोरेंट ९८ टक्क्यांवर लटकलंय, सीडर शून्य. कुणाला चार पैसे सुटले असते तर मशीन चालू राहिलं असतं.

निवांत_पुणेकर:
बिटटोरेंट स्पीडमध्ये, म्हणजे बीटीटी देऊन डाउनलोड वेगात करायच्या सोयीत, टोकनची बोली डाउनलोड करणारा लावतो. तुमच्या नाट्यपदांवर बोली लावणार कोण, तुम्ही एकटे? बोली गर्दीतच लागते, आणि तिथे सीडरची वानवा नसतेच. खाजगी ट्रॅकरवर (फक्त सभासदांच्या टोरेंट साइटवर) लोक नुसत्या रेशोसाठी (घेतलं किती, दिलं किती याच्या हिशेबासाठी) रात्रभर मशीन चालू ठेवतात. तिथे कुठे पैसा आहे?

कोकणी_बाणा:
पैसा मिळाला तरी आपल्या हातात काय? क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, विकताना १ टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. शेअरमध्ये होतो!!

हिशेबी_ताई:
शिवाय हेही वाचा: खरेदीची किंमत सोडून कसलाच खर्च वजा नाही. वीज, नेट, हार्डडिस्क, काहीच नाही. २०२२ च्या बजेटपासून.

सीडर_नाशिक:
विषय टोरेंटचा आहे.

कोकणी_बाणा:
विषय पैशाचा आहे! माझ्या भावाने २०२१ मध्ये चियासाठी (डिस्कमधल्या जागेवर कमवायचं क्रिप्टो नाणं) डिस्क आणि एसएसडी घेतल्या. चिया कुणाचं? त्याच कोहेनचं. प्लॉटिंगने (चियासाठी डिस्क डेटाने भरायच्या कामाने) एसएसडी झिजल्या, डिस्कमध्ये आता पाहुण्यांच्या लग्नाचे व्हिडिओ आहेत. त्यावर कर भरायचा म्हणे!

हिशेबी_ताई:
नफाच झाला नाही तर कर कसला? ओरडण्याआधी वाचत जा.

कोकणी_बाणा:
टीडीएस कापतात ना, तोटा असला तरी! शिकवू नका.

सीडर_नाशिक:
फाइलकॉइनचं बघा, तिथे लोकांच्या फायली साठवल्या की नाणी मिळतात. साठवणाऱ्याला तारण ठेवावं लागतं, फाईल जपल्याचा पुरावा सतत द्यावा लागतो, चुकला तर तारणाला कात्री. हे तरी मान्य करा.

निवांत_पुणेकर:
मान्य, रचना चोख आहे. पण सीलिंगला (पुरावा देता यावा म्हणून साठवलेला डेटा आधी तयार करायला) १२८ जीबी रॅम लागते, म्हणजे घरच्या लॅपटॉपचं ते काम नाही. सर्व्हरवाल्यांचा धंदा झाला, आपण सामान्य गिऱ्हाईक.

सीडर_नाशिक:
बरं, नाट्यपदांना टोकनने वाचवलं नसतं. तुमच्या निःस्वार्थ सेवेने कुठे वाचवली?

निवांत_पुणेकर:
टोरेंटची मॅग्नेट लिंक (ते उघडायचा दुवा) टाका, बघतो.

कोकणी_बाणा:
टीडीएसचा परतावा मिळालाय का कुणाला, ते सांगा आधी.