हवेतील बेंझीन-टोल्यूइन ओळखण्यासाठी पेप्टाइडचा सेन्सर: दमट हवेत चालेल का?

रसायन_तारापूर (प्रश्न):
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी औद्योगिक वसाहतीच्या हवेतील बेंझीन आणि टोल्यूइन ओळखणारा सेन्सर करण्याचा विचार आहे. बाजारात मिळणारे टिन ऑक्साइडचे सेन्सर दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवावे लागतात आणि तरीही अल्कोहोल असो वा एलपीजी, कशालाही प्रतिसाद देतात. पेप्टाइडचा थर दिल्यास निवडकता वाढते, असे वाचले. हे नेमके कसे घडते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते टिकेल का?

जैवतंत्र:
पेप्टाइड ही अमिनो आम्लांची आखूड साखळी असल्यामुळे, कोणते आम्ल कोठे बसवायचे हे आपल्या हाती असते. उदाहरणार्थ, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या सपाट, इलेक्ट्रॉनसमृद्ध कड्यावर टीएनटी या स्फोटकाचा इलेक्ट्रॉनांची वानवा असलेला रेणू चपखल टेकतो. योग्य क्रम शोधण्यासाठी फाज डिस्प्ले वापरतात, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या (फाज) पृष्ठभागावर असंख्य वेगवेगळे पेप्टाइड बसवून त्यांतून लक्ष्याला चिकटणारे निवडतात. जॉर्ज स्मिथ यांनी 1985 मध्ये मांडलेल्या या तंत्राला 2018 चे नोबेल मिळाले. बर्कलेच्या संशोधकांनी 2014 मध्ये एम13 या फाज विषाणूंवर असे पेप्टाइड बसवून, टर्की पक्ष्याच्या कातडीसारखा रंग बदलणारा पातळ थर तयार केला आणि टीएनटीची वाफ अब्जात 300 भागांपर्यंत ओळखली. मात्र बेंझीनवर टीएनटीसारखे इलेक्ट्रॉन खेचणारे नायट्रो गट नाहीत, त्यामुळे तेथे ही पकड बरीच सैल असेल, हे गृहीत धरूनच पुढे जावे.

स्फटिक:
वरील उत्तरात पाण्याचा मुद्दा राहिला आहे आणि माझ्या मते सगळी अडचण तेथेच आहे. आपण बहुधा विजेवर ठरावीक वारंवारतेने कंप पावणारा क्वार्ट्झ स्फटिक वापराल: पेप्टाइडच्या साखळीच्या टोकाला सिस्टीन हे अमिनो आम्ल ठेवले की त्यातील गंधकामुळे ती सोन्याच्या इलेक्ट्रोडला चिकटते, आणि 5 मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 17.7 नॅनोग्रॅम वजन वाढले की वारंवारता 1 हर्ट्झने उतरते. पण स्फटिकाला वजन कळते, ते कशाचे हे कळत नाही. बेंझीनची भारतातील वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात जेमतेम दीड भाग आहे. जुलैतल्या दमट हवेत मात्र साडेतीन टक्के वाफच असते. बेंझीनच्या एका रेणूमागे पाण्याचे दोन कोटींहून अधिक रेणू, आणि पेप्टाइडचा कणाच मुळी पाण्याशी हायड्रोजन बंध जोडणारा! शिवाय फाज डिस्प्लेतील निवड पाण्यात होते. तोच क्रम कोरड्या थरात तसाच वागेल, याची हमी नाही.

रसायन_तारापूर:
मग हा विषय सोडून द्यावा काय?

स्फटिक:
मुळीच नाही, उद्दिष्ट बदलावे. वातावरणातील नेहमीच्या पातळीऐवजी गळतीच्या वेळी दिसणारी, दशलक्षात काही भाग इतकी मात्रा धरावी आणि हवा नाफिऑनच्या (पाण्याची वाफ बाहेर जाऊ देणाऱ्या पॉलिमरच्या) नळीतून कोरडी करून सोडावी. शेजारी दुसरा स्फटिक ठेवून त्यावर तीच अमिनो आम्ले उलटसुलट क्रमाने जोडलेले पेप्टाइड लावावे. दोन्हींचा प्रतिसाद सारखाच आला, तर आपण क्रमाची करामत नव्हे, नुसता ओलावा मोजत आहात असे समजावे.

जैवतंत्र:
सहमत. बेंझीन आणि टोल्यूइन यांत फरक एका मिथिल गटाचा. तो एकच पेप्टाइड सांगू शकेल असे वाटत नाही, म्हणून चार-सहा वेगवेगळ्या पेप्टाइडांचा संच करून प्रतिसादांचा आकृतिबंध पाहावा. सुरुवात टोल्यूइननेच करावी: बेंझीन सिद्ध कर्करोगकारक आहे, आणि चाचणीची हवा फ्यूम हूडमध्येच (विषारी वाफ बाहेर खेचणाऱ्या कपाटात) सोडावी.