एचआर म्हणते मेडिकल सर्टिफिकेट ‘व्हेरिफाय झालं नाही’. कंपनी नेमकं काय आणि कुठे तपासते?

भांडुपकरीण:

नमस्कार. मालाडच्या एका मोठ्या कंपनीत बॅक ऑफिसला आहे, नाव लिहीत नाही. सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला. एनएस१ ही डेंग्यूची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, प्लेटलेट्स उतरल्या, पण अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली नाही. घरीच पडून होते आणि दिवसाआड रक्त तपासत होतो. आमचे डॉक्टर चाळीच्या तोंडाशीच बसतात, बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. सासूबाईंच्या बीपीपासून घरातलं सगळं तेच बघतात. सर्टिफिकेट त्यांनीच दिलं, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. पोर्टलवर अपलोड केलं, मॅनेजरने मंजूरही केलं.

आता एचआरचा मेल आला आहे. त्यात लिहिलंय की डॉक्टरांची नोंदणी सापडली नाही, दवाखान्याकडून दुजोरा मिळाला नाही, म्हणून रजा बिनपगारी धरत आहोत, लेखी खुलासा द्या. ‘बनावट कागदपत्र’ हा शब्द सरळ लिहिलेला नाही, पण पॉलिसीतलं जे कलम खाली जोडलंय ते त्याचंच आहे.

दवाखान्यात जाऊन विचारलं. कंपाउंडर म्हणाला, एका एजन्सीचा फोन आला होता. त्या बाईंना काय झालं होतं, आधीपासून काही दुखणं आहे का, दिवस गेलेत का, असं विचारत होते. डॉक्टर तेव्हा व्हिजिटला गेले होते. तो म्हणाला मला माहीत नाही आणि फोन ठेवला. त्याचाच ‘दुजोरा नाही’ झाला असावा.

दिवाळीच्या तोंडावर पगार कापला जाणं परवडणारं नाही, हे खरंच. पण जास्त लागलं ते डॉक्टरांना बोगस ठरवलं ते. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना शटर उघडून बसणारा माणूस आहे तो. कंपनीला हे विचारायचा अधिकार आहे का? आणि खुलाशात मी काय लिहू?

निवृत्त एचआरवाला, ठाणे:

ताई, माझी सगळी नोकरी एचआरमध्ये गेली. आधी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात, नंतर पवईच्या ऑफिसात. तुमचा मेल वाचून पहिला संशय आला तो असा, की तुमच्या डॉक्टरांचं नाव चुकीच्या रजिस्टरमध्ये शोधलं गेलंय.

आपल्याकडे डॉक्टरांची नोंदणी एकाच ठिकाणी होत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे एमबीबीएस आणि त्यापुढचे अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टर असतात. बीएएमएसची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, होमिओपॅथची होमिओपॅथी कौन्सिलकडे, दातांच्या डॉक्टरांची डेंटल कौन्सिलकडे. एजन्सीतला मुलगा पहिल्या कौन्सिलचं संकेतस्थळ उघडतो, क्रमांक टाकतो, नाव येत नाही, आणि तो ‘नोंदणी सापडली नाही’ असा शेरा मारून पुढची केस घेतो. त्याच्यापुढे दिवसभराचा ढीग असतो. मुंबईत चाळीत आणि वस्तीत बसणारे किती डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस (होमिओपॅथीचे पदवीधर) आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे ही गडबड नेमकी कोणाच्या वाट्याला येते ते बघा. नाक्यावरच्या डॉक्टरकडे जाणाऱ्याच्या. मोठ्या हॉस्पिटलचा कागद आणणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही.

एमबीबीएस डॉक्टरांबाबतही असं होतं. महाराष्ट्रात त्यांना दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. ते राहिलं असेल तर शोधणारा गोंधळतो. आणि माणूस गावी, बेळगावला आजारी पडला असेल तर तिथला डॉक्टर कर्नाटकच्या कौन्सिलकडे नोंदलेला असतो, आपल्या यादीत तो दिसणारच नाही.

आता मोठ्या कंपन्या काय बघतात. प्रत्येक कागद खोलात जाऊन तपासला जात नाही, ते शक्यच नाही. बहुतेक ठिकाणी दोन-तीन दिवसांपर्यंत सर्टिफिकेट मागतच नाहीत. त्यापुढे कागद आला की आधी तारखा जुळवतात. डॉक्टरांनी पहिल्यांदा कधी तपासलं, विश्रांती कधीपासून कधीपर्यंत, सर्टिफिकेट कोणत्या तारखेचं. सोमवारी कामावर आलेला माणूस सोमवारच्याच तारखेचा कागद देतो आणि त्यात मागच्या आठवड्यापासूनची विश्रांती असते, पण केस पेपर एकही नसतो, तिथे भुवई उंचावते. मग नोंदणी क्रमांक. मग दवाखान्यात फोन. आम्ही लेटरहेडवरचा नंबर कधी वापरत नसू, कारण कागद खोटा असेल तर नंबरही त्यांचाच असतो. दवाखान्याचा नंबर वेगळ्या वाटेने काढायचा. जोडून आलेले रिपोर्ट आणि औषधांची बिलं तारखेशी ताडून बघायची. एकाच डॉक्टरचे, एकाच मजकुराचे कागद वेगवेगळ्या टीममधून येऊ लागले की प्रकरण व्हिजिलन्सकडे, म्हणजे कंपनीतल्या गैरप्रकार तपासणाऱ्या विभागाकडे जातं. स्टेशनबाहेर पैसे टाकून मिळणारे कागद याच वाटेने सापडतात. हे काम आवश्यक आहे, मी त्याच्या बाजूचा माणूस आहे. खऱ्या आजाऱ्याची रजा त्यामुळेच टिकते.

पण कागद खरा आहे का, हे तपासायचं आणि थांबायचं. ‘हे सर्टिफिकेट तुम्ही या तारखेला या व्यक्तीला दिलंत का? विश्रांतीचे दिवस हेच लिहिलेत का?’ एवढं विचारायचं. दिवस गेलेत का, हा प्रश्न त्यात बसत नाही. बाईमाणसाला नोकरीच्या ठिकाणी त्या माहितीचा काय त्रास होऊ शकतो ते आपण दोघंही जाणतो. कंपनीला शंकाच असेल तर स्वतःच्या किंवा पॅनेलवरच्या डॉक्टरकडे तुम्हाला तपासायला पाठवावं. तो सरळ मार्ग आहे. केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांतही दुसऱ्या वैद्यकीय मताची तरतूद आहे.

आता खुलासा. आधी कंपनीची लीव्ह पॉलिसी डाउनलोड करून ठेवा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आणि वेगळी अर्जित रजा आहे, ‘आजारपणाची रजा’ असं वेगळं खातं नाही. म्हणजे सिक लीव्हला कोणाचा कागद चालेल हे तुमच्या कंपनीच्या पॉलिसीनेच ठरतं. तिथे ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ असं लिहिलं असेल तर तुमची बाजू भक्कम. ‘एमबीबीएस’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर भांडण वेगळं, पण तरीही तो कागद बनावट ठरत नाही. फार तर पॉलिसीत न बसणारा ठरतो, आणि हा फरक मेलमध्ये ठासून लिहा.

साधारण असं लिहा: ‘माझे उपचार करणारे डॉक्टर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणीकृत आहेत, क्रमांक अमुक. आपली पडताळणी कोणत्या कौन्सिलच्या यादीत झाली ते कळवावे. एनएस१ चा अहवाल, प्लेटलेट्सचे तारीखवार अहवाल व औषधांची बिले जोडली आहेत. सर्टिफिकेट दिल्याची खात्री डॉक्टर लेखी करतील. आपल्या अधिकृत मेल आयडीवरून त्यांना पत्र पाठवावे. आवश्यकता वाटल्यास कंपनीच्या डॉक्टरांकडून तपासणीस मी तयार आहे.’ एजन्सीने काय विचारलं तेही, तारीख आणि वेळ टाकून, वेगळ्या परिच्छेदात. आवाज चढवू नका, पण वगळूही नका. आणि पोर्टलवर मॅनेजरने मंजुरी दिल्याचा स्क्रीनशॉट आजच काढा. मंजूर रजा नंतर फिरवली की पोर्टलवरचा शेरा बदलतो.

लालबागचा दवाखाना:

मी जनरल प्रॅक्टिस करतो, एमबीबीएस. असे फोन मला आता नेहमी येतात. दुसऱ्या बाजूचंही ऐका.

फोनवरचा माणूस कोण हे मला कळायला मार्ग नसतो. कंपनीचा म्हणतो. सोडचिठ्ठीच्या दाव्यातला नवरा किंवा सोसायटीतला शेजारीही तसंच म्हणू शकतो. आमच्यासाठी २००२ चे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम आहेत, त्यात रुग्णाची माहिती बाहेर सांगायला मनाई आहे. न्यायालयाचा आदेश, कोणाच्या जीवाला ठोस धोका किंवा कळवणं बंधनकारक असलेला आजार, एवढेच अपवाद. एचआरची एजन्सी त्यात नाही. माझ्या दवाखान्यात फोन उचलणाऱ्या मुलीला सांगून ठेवलंय: ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही, ‘कंपनीच्या मेलवरून लिहा, पेशंटची संमती जोडा, डॉक्टर उत्तर देतील’ असं म्हणायचं. ‘माहीत नाही’ या दोन शब्दांनी पेशंटचं नुकसान होतं.

त्याच नियमांत हेही आहे की डॉक्टरने दिलेल्या सर्टिफिकेटांचं रजिस्टर ठेवायचं, प्रत ठेवायची, पेशंटची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि शरीरावरची एखादी ओळखखूण लिहायची. पूर्वी हे सगळे करत. आता गर्दीत राहून जातं. खोटं सर्टिफिकेट दिलं तर रजिस्टरमधून आमचं नाव निघू शकतं, म्हणून मी तरी वही सोडत नाही.

तुमच्या डॉक्टरांचं कौन्सिल वेगळं, पण वही त्यांच्याकडेही असेलच. त्या पानाची प्रत मागा, फक्त तुमची ओळ, बाकीच्या पेशंटची नावं झाकून. शिवाय लेटरहेडवर क्रमांकाच्या आधी कौन्सिलचं नाव छापलंय का बघा. नुसता ‘नोंदणी क्र.’ आणि आकडा असेल तर शोधणाऱ्याने कुठे शोधायचं?

सर्टिफिकेटवर आजाराचं नाव किती लिहायचं, हे पेशंट मला क्वचित विचारतात. विचारायला हवं. मानसिक आजार, गर्भपात, एचआयव्ही अशा बाबतीत मी आधी बोलून घेतो आणि कंपनीला चालत असेल तर ‘वैद्यकीय उपचारांखाली’ इतकंच लिहितो.

मरोळ एमआयडीसी:

आमच्याकडे पगार २१,००० च्या आत असणाऱ्यांचं आजारपणाचं सगळं ईएसआयकडून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेकडून. सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरांचंच लागतं, त्यामुळे दवाखान्यात फोन वगैरे प्रकार नाही. कंपनीला शंका आली तर ईएसआयचाच मेडिकल रेफरी, म्हणजे फेरतपासणीचा डॉक्टर, तपासतो. भत्ता पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. टीबीसारख्या ठरलेल्या मोठ्या आजारांना जास्त काळ आणि ८० टक्के. पैसे उशिरा येतात, रांग मोठी असते, पण कोणी आपल्याला खोटं म्हणत नाही. ताई, तुम्ही त्या मर्यादेच्या वर असाल असं धरतो.

भांडुपकरीण:

हो दादा, वर आहे, ईएसआय नाही.

सगळ्यांचे मनापासून आभार. पॉलिसी काढून वाचली. त्यात ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ असंच आहे, एमबीबीएसचा उल्लेख कुठेही नाही. डॉक्टरांकडे वही होती, तिच्यात माझी सहीसुद्धा आहे. ती मी तापात केली होती, मला आठवतही नव्हती. लेटरहेडवर कौन्सिलचं नाव नव्हतं. त्यांनी लगेच नवा शिक्का करायला टाकला.

काकांनी लिहून दिलेला मजकूर जवळपास तसाच पाठवला. एचआरने रजा परत सिक लीव्हमध्ये घेतली, पगारातली कपात पुढच्या महिन्यात भरून देतो म्हणाले. नोंदणीबद्दल फक्त ‘दुरुस्ती केली आहे’ एवढंच आलंय. दिवस गेलेत का या प्रश्नावर एक ओळही नाही.

ते मी सोडणार नाही. आमच्याच मजल्यावरची एक मुलगी खरोखर गरोदर आहे, तिने अजून ऑफिसात सांगितलेलं नाही, आणि तिच्याही कागदावर उद्या हाच फोन जाईल. एजन्सीला काय विचारायची परवानगी आहे ते लेखी मागायचं तर ग्रीव्हन्स कमिटीकडे जायचं की थेट एचआर हेडकडे?

निवृत्त एचआरवाला, ठाणे:

दोघांनाही एकाच मेलमध्ये लिहा. एजन्सीला कंपनीने दिलेली प्रश्नावली मागा, तशी लेखी प्रश्नावली बहुतेक करारांना जोडलेली असते. तो प्रश्न तिच्यात असेल तर कंपनीला तो काढावा लागेल. नसेल तर एजन्सीने तो स्वतःच्या मनाने विचारला, आणि त्याचा जाब कंपनीनेच एजन्सीला विचारायला हवा. त्या मुलीचं नाव मेलमध्ये अजिबात घेऊ नका. कंपाउंडरने फोनची वेळ कुठे टिपून ठेवली असेल तर तेवढं त्याच्याकडून लिहून घ्या.