टँकचं पाणी दर आठवड्याला दुधाळ होतंय, पूर्ण बदललं तरी

कर्वेनगर_टँक:
नमस्कार मंडळी. घरी दोन फुटी टँक आणलाय (२ बाय १ बाय १ फूट, म्हणजे साधारण ५५ लिटर, खडी वगैरे धरून पाणी ४५-५० लिटर बसत असेल). चार गोल्डफिश आणि एक सकर. आत स्पंजवालं फिल्टर आणि एअर पंप, दोन्ही चालू असतात. दर रविवारी मासे बादलीत काढून सगळं पाणी काढतो, खडी आणि स्पंज नळाखाली पार स्वच्छ होईपर्यंत धुतो आणि टँक परत भरतो. रविवारी एकदम नितळ दिसतं पण मंगळवार-बुधवारपर्यंत पांढुरकं होतं, वास यायला लागतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत राहतात. दोन गोल्डफिश आधीच गेले, त्यांच्या जागी हे नवीन आणलेत. दुकानदाराने निळं औषध आणि मीठ दिलंय, फरक शून्य. सोसायटीच्या टाकीत कॉर्पोरेशनचं पाणी, बोअर आणि उन्हाळ्यात टँकर असं सगळं एकत्र येतं. मुलगी रोज शाळेतून आली की आधी टँकपाशी जाते, आता आणखी मासे जायला नकोत. काय करू सांगा प्लीज.

मासोळी_नाशिक:
दादा सगळ्यात आधी ते रविवारचं धुणं बंद करा आणि दोन दिवस खाणं देऊ नका, गोल्डफिशला काही होत नाही.
आता कारण. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, शिवाय विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून आणखी तयार होतो. तो खाणारे बॅक्टेरिया असतात, एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट मात्र माशांना बरंच सोसतं. हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतात, ते स्पंजला आणि खडीला चिकटून राहतात, आणि वाढतात फार हळू, नवीन टँकमध्ये नीट बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. तुमच्याकडे दर रविवारी नळाखाली ते वाहून जातात, जे उरतात त्यांना नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारतं, म्हणजे तुमचा टँक कायम पहिल्या दिवसावरच राहतो. पाणी पांढरं करणारे बॅक्टेरिया वेगळे, ते कुजणाऱ्या घाणीवर झपाट्याने वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन ओढतात, म्हणून मासे वर येतात. निळं औषध म्हणजे बहुतेक मिथिलीन ब्लू, ते फंगससाठी असतं आणि या कामाच्या बॅक्टेरियांनाही त्रास देतं, ते अजिबात टाकू नका.

जुना_टँकवाला:
मी कित्येक वर्षं महिन्यातून एकदा पूर्ण पाणी बदलतो, माझे मासे मस्त आहेत. पाणी बदलणं वाईट असं सरसकट सांगू नका.

मासोळी_नाशिक:
काका, पण तुम्ही खडी आणि स्पंज दर वेळी नळाखाली घासून धुता का? नसाल तर तुमचे बॅक्टेरिया जागेवरच राहतात. यांचं सगळंच निघून जातंय, तेही दर आठवड्याला.

जुना_टँकवाला:
नाही, खडी वर्षातून एखाद्या वेळी हलवतो. बरोबर आहे मग.

पीएच_आठ:
अंदाजाने काही टाकत बसू नका, थेंबांचं टेस्ट किट आणा, अमोनिया, नायट्राइट आणि पीएच एवढं तरी. आणि फक्त टँकचं नाही, नळाचंही पाणी मोजा. एकूण अमोनियातला काही भागच विषारी रूपात असतो, पीएच ७ ला तो जेवढा असतो त्याच्या साधारण दहापट पीएच ८ ला असतो, एकूण अमोनिया तेवढाच असला तरी! आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि पीएच जास्त, त्यामुळे हे बघाच. बोअरचं पाणी लगेच मोजू नका, एअर पंप लावून रात्रभर ठेवा मग मोजा, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पीएच वर जातो.

कर्वेनगर_टँक:
किट आणलं. टँकचा अमोनिया २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम), नायट्राइट ०, पीएच ८.२. नळाचं पाणी रात्रभर ठेवून मोजलं तर अमोनिया ०, पीएच तेवढाच ८.२ आला. आता?

पीएच_आठ:
८.२ ला २ पीपीएम खूप आहे, आजच अर्धं पाणी बदला. नवीन पाणी अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घातलेलं आणि तापमान सारखं असावं, हाताला गार लागायला नको. उद्यापासून रोज पाव भाग, अमोनिया ०.२५ च्या खाली येईपर्यंत. खडी-स्पंजला हात लावू नका, स्पंज अगदीच तुंबला तर काढलेल्या टँकच्याच पाण्यात दोन वेळा पिळा. ओळखीत कोणाचा जुना निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला थोडा मळका स्पंज मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, याने आठवडे वाचतात.

मासोळी_नाशिक:
अजून एक, अमोनिया उतरायला लागला की नायट्राइट वर जाईल, तेव्हा घाबरू नका. त्याने माशांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते. तेव्हा साधं मीठ लिटरला अर्धा ग्रॅम, मगमध्ये विरघळवून हळूहळू घाला, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत जाऊ देत नाही. त्याहून जास्त नको, सकरला जास्त मीठ सोसत नाही. नंतर पाणी बदलाल तेव्हा जेवढं नवीन घालाल तेवढ्यापुरतंच मीठ. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लावा, या बॅक्टेरियांनाही ऑक्सिजन लागतो.
आणि ५० लिटरला चार गोल्डफिश जास्तच आहेत, मोठे होतात ते आणि घाणही खूप करतात. पुढे दोन कोणाला तरी द्या. सकरही फूटभर वाढतो, पण तो नदीत-तलावात सोडू नका हां, तो दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, उजनीत आता कोळ्यांच्या जाळ्यात येतोय आणि जाळी खराब करतोय.

कर्वेनगर_टँक:
अर्धं पाणी बदललं, मासे खाली फिरतायत. शेजारच्या बिल्डिंगमधले एक जण स्पंज देणार आहेत. टँकरचं पाणी आलं की काय करायचं?

पीएच_आठ:
टँकर आला की त्या दिवशी बदलू नका. एक बादली भरून रात्रभर हवा द्या, सकाळी पीएच आणि अमोनिया बघा, टँकच्या जवळपास असेल तरच घाला, तेही एका वेळी थोडं थोडं.