एसटी१९ : क्रोनो चालू केला की ॲम्प्लिट्यूड पडणे

सीगल कंपनीच्या एसटी१९ या घड्याळाच्या यंत्रणेत क्रोनो (स्टॉपवॉच) चालू केल्यावर ॲम्प्लिट्यूड (बॅलन्स चाकाच्या झोक्याचा कोन) २७० वरून २१० अंशांवर येतो, अशी एकाची तक्रार आहे. २०-३० अंशांची घट चालते. ६० म्हणजे नक्की घर्षण.

क्रोनोच्या सेकंद काट्याची थरथर घालवायला मधल्या क्रोनो चाकाखालची पातळ स्प्रिंग वाकवून घट्ट केली आहे का? बहुतेकदा घोळ तिथेच असतो. ती चाकाला जेमतेम टेकायला हवी. थोडी थरथर या आडव्या क्लचच्या (चाक बाजूने सरकून दातांत अडकतं अशा) रचनेत राहतेच.

मग दात बघा. कपलिंग चाक (घड्याळाची गती क्रोनो चाकाला देणारं) खोल रुतलं की ॲम्प्लिट्यूड पडतो, उथळ राहिलं की दात निसटतात. लूपमधून (भिंगातून) दातांत किंचित मोकळीक दिसली पाहिजे, तीही पूर्ण फेरीत चार ठिकाणी, कारण चाक जरासं लंबगोल असलं तर एकाच जागी अडतं. ही खोली ठरवणारा एक्सेंट्रिक स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या खाचेची दिशा दाखवणारा फोटो काढून ठेवा (हे सगळे विसरतात!).

क्रोनो चाकांच्या दातांना तेल अजिबात नको. पिव्होटांना (चाकांच्या आसांच्या टोकांना) ९०१० या पातळ तेलाचा बारीक थेंब, कॉलम व्हीलच्या (क्रोनो चालू-बंद करणाऱ्या चाकाच्या) खांबांच्या कडांना ग्रीसचा पुसट थर, बस्स.